जंगलात नेणारा माणूस मन सांभाळायला कुठे शिकला?

नमस्कार. मागच्या पंधरवड्यात बेळगावजवळच्या खानापूरहून एका बाईंचा फोन आला. मुलगा सतरा वर्षांचा. बारावीत गेल्यापासून घरात धड बोलत नाही, ताट उचलून खोलीत नेतो आणि दार लावून घेतो. त्यांना कुणीतरी सांगितलं, जंगलात आठ दिवसांचं शिबिर असतं, तिथं पोरांची मनं ताळ्यावर येतात. ‘सर, पाठवू की नको ओ?’ फी किती ते त्यांनी विचारून घेतलं होतं. जेवण, झोपायची सोय, सगळं विचारलं होतं. मी म्हटलं, शिकवणारे कोण आहेत? त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘ते कसं विचारायचं?’

आजचा व्हिडिओ त्यांच्यासाठी आहे.

या प्रकाराला वाइल्डरनेस थेरपी म्हणतात. माणसाला रानात न्यायचं, चालवायचं, स्वतःची चूल स्वतः पेटवायला लावायची, आणि हे सगळं चालू असताना प्रशिक्षित समुपदेशकानं त्याच्याबरोबर मनाचं काम करायचं. समुपदेशक नसेल तर ती सहल झाली. सहल चांगलीच असते. मी चौदा वर्षं जांबोटी-कणकुंबीच्या रानात पोरं नेतोय, सहलीची किंमत मला ठाऊक आहे. पण तिला उपचार म्हणून पैसे घेऊ नयेत.

आता हे शिकवणारे येतात कुठून?

ही परंपरा ज्यांच्यापर्यंत मागे नेतात ते कुर्ट हान गिर्यारोहक नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. ते शाळामास्तर. जन्म १८८६, बर्लिनचा. तरुणपणी त्यांना उष्माघात झाला आणि उन्हाचा त्रास जन्मभर राहिला. जर्मनीत सालेमची शाळा काढली, हिटलरविरुद्ध उघड बोलले, १९३३ मध्ये अटक झाली, सुटून ब्रिटनला गेले. तिथं १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीनं त्यांनी वेल्समधल्या अॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंड नावाची साहसी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की बुडालेल्या जहाजांवरचे तरणेताठे खलाशी लाइफबोटीत लवकर हाय खायचे आणि म्हातारे खलाशी टिकायचे. तरुणांना आधी संकटाची सवय द्यावी, एवढाच हेतू होता. आजारी मनाचा उपचार त्यात नव्हता. तो पुढं अमेरिकेत जोडला गेला.

म्हणून या क्षेत्रातल्या शिक्षकांचा पिंड एकसारखा सापडत नाही. मला यात तीन प्राध्यापक फार आवडतात, कारण त्यांच्याकडं बघून हे लगेच कळतं. मायकेल गॅस, ली गिलिस आणि कीथ रसेल. तिघांनी मिळून या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. गॅस मैदानी शिक्षणाकडून आले, पण कौटुंबिक समुपदेशनाचा परवानाही त्यांनी मिळवला. गिलिस मानसशास्त्रज्ञ. आणि रसेल यांची पीएचडी आयडाहो विद्यापीठाच्या नैसर्गिक संसाधनांच्या महाविद्यालयातली, म्हणजे वन आणि जमीन शिकवणाऱ्या घरातली! एक डोंगराकडून आला, एक दवाखान्याकडून, एक रानाच्या अभ्यासाकडून. एकट्याच्या ज्ञानात हा विषय मावत नाही, हे त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची नावंच सांगतात.

तिकडं विद्यापीठात हे रीतसर शिकवतात. कोलोरॅडोतल्या नरोपा विद्यापीठानं यात समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी चालवली. नरोपा १९७४ मध्ये एका तिबेटी बौद्ध गुरूंनी स्थापन केलं, त्यामुळं तिथं ध्यानाचा अंगभूत वारसा आहे. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात समाजकार्य आणि मैदानी शिक्षण अशा दोन पदव्या जोडीनं करता येतात. अमेरिकेत समुपदेशनाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे शिकता शिकता प्रत्यक्ष समुपदेशन, आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते, तीही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. रानासाठी वेगळा प्रथमोपचार, वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, तो साधारण ७० ते ८० तासांचा, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? मन मोकळं व्हायला रान पुरेसं आहे की.

मलाही असंच वाटायचं. एका जुलैत कणकुंबीजवळ मुक्काम होता. पाऊस असा, की काड्यापेटी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळली तरी ओली. रात्री एक पोरगा पत्र्याच्या पडवीत कोपऱ्यात बसला होता, पायाला जळवा लागलेल्या. मी टॉर्च दातात धरला, मीठ चोळलं, एकेक जळू काढली, जखमेवर कापूस दाबून धरला. त्याच्या पिंढरीवरून रक्ताची बारीक धार पावसाच्या पाण्यात मिसळत होती. खाली बघतच तो म्हणाला, ‘सर, मला घरला जायचं नाही.’ मी म्हटलं, अरे असं काय बोलतोस, आई वाट बघत असेल. तो ‘हो सर’ म्हणाला. पुढचे दोन दिवस अगदी शहाण्यासारखा वागला आणि माझ्याशी पुन्हा काही बोलला नाही.

जळवेचं काय करायचं ते मला अर्ध्या मिनिटात सुचलं होतं. त्या वाक्याचं काय करायचं हे कळायला मला समुपदेशनाचा अभ्यासक्रम करावा लागला. तिथं पहिल्या महिन्यातच शिकवलं: घाईनं धीर देऊ नका, आधी विचारा, घरी काय होतं? त्या पोराच्या घरी काय होत होतं ते मला आजही माहीत नाही, आणि ते मला टोचतं.

उलट बाजूही बघा. निव्वळ खोलीत बसून समुपदेशन करणाऱ्या चांगल्या बाई किंवा सरांना भीमगडच्या जंगलाच्या कडेला नेलं तर? तिथं अस्वल आहे. पावसाळ्यात ओढा तासाभरात चढतो. गोचीड चावण्याची भीती आहे, आणि गोचिडीतून येणारा माकडताप, जो १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, तो चोर्ला घाटाच्या खाली गोव्याच्या सत्तरी तालुक्यापर्यंत पोचलेला आहे. रेंज नाही. पोर घाबरलं तर त्याला समजवायचं, पण पाय मोडला तर?

आणि काही गोष्टींना दोन्ही विद्या एकाच वेळी लागतात. समजा पोराला लिथियमची गोळी चालू आहे, मनाच्या काही आजारांवर देतात ती. एप्रिलच्या उन्हात तुम्ही त्याला राजहंसगडावर चढवलं, घाम गेला, पाणी कमी पडलं, की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात थरथरणं, उलटी, झोकांड्या, आणि सोबतचा शिक्षक म्हणतो ऊन लागलंय, सावलीत बस. मनोविकाराच्या इतरही काही गोळ्यांनी शरीराला उष्णता सोसत नाही. शिबिराच्या फॉर्मवर ‘कुठली औषधं चालू आहेत’ हा रकाना आहे का, आणि तो वाचणाऱ्याला त्यातलं काही कळतं का, हे आधी बघा.

हे नुसतं भीती घालायला बोलत नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी तपासण्या करणाऱ्या जीएओ या संस्थेनं २००७ मध्ये अशा कार्यक्रमांतल्या मुलांच्या दहा मृत्यूंचा छडा लावला. अप्रशिक्षित माणसं कामावर ठेवणं हे त्यांना सापडलेल्या कारणांतलं एक. २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शिबिरात बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री गेला. नंतर त्या शिबिराचा परवाना रद्द झाला. त्या क्षेत्रात पगारी फील्ड गाइड बहुतेक वेळा तरुण असतात, दिवसरात्र मुलांबरोबर तेच असतात, आणि परवानाधारक समुपदेशक आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस येतो. तुमच्या मुलाबरोबर रात्री अकरा वाजता कोण असेल, हा प्रश्न त्यामुळंच मोठा आहे.

आपल्याकडं या नावाचा वेगळा परवाना नाही. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, मागितला तर राग यायचं कारण नाही. बेंगळूरचं निम्हान्स आणि आपल्या जवळचं धारवाडचं डिमहान्स, या मनोआरोग्याच्या सरकारी संस्था, इथं शिकलेली, काम केलेली माणसं आपल्या भागात आहेत. डोंगराच्या बाजूला गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था आहेत, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन इन्स्टिट्यूट. तिथं बेसिक, मग अॅडव्हान्स, मग शिकवण्याचा म्हणून वेगळा कोर्स असतो. तो शेवटचा केलाय का, ते विचारा. चढता येणं आणि चढायला शिकवता येणं यात फरक आहे.

बेळगावात आणखी एक गोष्ट आहे. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कमांडोंचं प्रशिक्षण होतं, त्यामुळं साहसी शिबिरांत निवृत्त फौजी खूप दिसतात. त्यांच्याकडून मी दोरी शिकलो, नकाशा शिकलो, माणसं मोजायची सवय शिकलो. पण खचलेल्या पोराला पहाटे पाचला शिट्टी मारून उठवलं की ते उभं राहतं, असं नाही. फौजी सरांच्या शेजारी समुपदेशक हवा, आणि मुलाबद्दलचा शेवटचा शब्द समुपदेशकाचा हवा.

भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीकडच्या माणसांचं नाव मात्र कुठल्याच पत्रकावर नसतं. ओढ्याचा आवाज बदलला म्हणून आम्हाला मागं फिरवणारे मामा गवळी धनगर होते, शाळा चौथीपर्यंत. शिबिराच्या शिक्षकांत त्यांना धरायला हवं आणि मानधनही शिक्षकाचंच द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

त्या बाईंना मी तीन प्रश्न लिहून दिले. मनाचं काम करणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी काय? रात्री मुलांजवळ कोण? आणि त्या समुपदेशकानं स्वतःचं काम कुणाला दाखवायचं, म्हणजे त्यांच्यावर सुपरव्हिजन कुणाचं? तोवर मुलाला कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, तोही दिला.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. शिबिरवाले म्हणाले, आमच्या सरांना वीस वर्षांचा अनुभव आहे. बाईंनी विचारलं, ‘कशाचा ओ?’ पलीकडून उत्तर आलं, कळवतो. त्यांनी पैसे भरलेले नाहीत. मंगळवारी त्या मुलाला घेऊन धारवाडला जाणार आहेत, आणि तो यायला तयार झालाय.