फराळानंतरचं कढण

नमस्कार श्रोतेहो.

भाऊबीज झाली. आकाशकंदील अजून दारात आहे, पण डब्यांच्या तळाशी आता चकलीचे तुकडे आणि चिवड्यातले दाणेच उरलेत. पाहुणे आपापल्या गावी गेले. आणि संध्याकाळी स्वयंपाकाचा विषय निघाला की घरातलं प्रत्येक माणूस एकच म्हणतं, "आज काहीतरी हलकं कर."

मी अडते ती त्या "कर"पाशी. हे म्हटलं जातं कुणाला? वसुबारसेच्या कितीतरी आधीपासून जी भाजणी दळून आणते, पाक जमला की नाही म्हणून रात्री अकरा वाजता थेंब चिमटीत धरून बघते, तापल्या तेलापुढे तासन्‌तास उभी राहते, तिलाच. म्हणून आजची कृती मी तिच्यासाठी सांगत नाहीये. तिला ती माझ्याहून छान येते. ज्यांनी यंदा फराळ केला नाही, नुसता खाल्ला, त्या सगळ्यांसाठी मी आज बोलणार आहे. दादा, काका, कॉलेजातली मुलं, मुली, सगळे. आज रात्री मुगाचं कढण तुम्ही करायचं आणि पहिली वाटी तिच्या हातात द्यायची. कागद-पेन्सिल शोधायला उठू नका, एकदा ऐकून लक्षात राहील इतकं सोपं आहे.

कढण म्हणजे कडधान्य भरपूर पाण्यात शिजवून त्याचा उतरलेला अर्क. हॉटेलात ज्याला सूप म्हणतात त्याच जातीचं, पण त्यात ना मैदा, ना कॉर्नफ्लोअर, ना लोणी. आजारातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला आपल्याकडे हेच देत आले. आयुर्वेदात याला यूष म्हणतात. पंचकर्मानंतर माणसाला पुन्हा हळूहळू जेवणावर आणायचा एक क्रम चरकसंहितेत दिला आहे. आधी पेज, मग जरा दाट पेज, मग यूष. त्यातही अगोदर अकृत यूष, म्हणजे मीठ-फोडणी काही न घातलेलं, आणि मग कृत यूष, म्हणजे तूप, मीठ, मसाला घालून सिद्ध केलेलं. आणि शेंगेतल्या धान्यांत सर्वांत पथ्यकर कोण, तर मूग, हेही तिथंच सांगितलंय. आपण काही पंचकर्म केलेलं नाही, त्यामुळे आपण बेलाशक कृतच करू. साजूक तुपाची फोडणी मी तरी सोडणार नाही.

दिवस तर अगदी योग्य आहेत. मूग हे आपलं खरिपाचं पीक, साधारण 65 ते 70 दिवसांत हाती येणारं. मृगात पेरलेला मूग श्रावण-भाद्रपदात निघतो, म्हणजे दिवाळीपर्यंत नवा मूग बाजारात आलेला असतो. नवा मूग लवकर शिजतो. डब्यात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला असेल तर शिजायला वेळ घेतो. तेव्हा तुमच्या डब्यातला केव्हाचा आहे, ते आधी विचारून घ्या.

चार माणसांना एक वाटी हिरवे सालीचे मूग पुरतात. निवडून घ्या, खडा राहिला तर दाताखाली येईल. कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. हिरवा रंग जरासा तांबूस व्हायला लागला आणि खमंग वास सुटला की गॅस बंद. हा वास नाकात एकदा बसला की पुढच्या वेळी घड्याळ बघायला लागत नाही. मग दोनदा धुवा आणि जमल्यास तासभर भिजत ठेवा. नाही भिजवले तरी चालेल, दोन शिट्या जास्त होतील इतकंच.

कुकरमध्ये मूग, त्याच वाटीनं सहा वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि तेलाचे दोन थेंब. कडधान्याला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो; तेलामुळे फेस कमी होतो. त्याच कारणासाठी कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही. चार शिट्या, मग आच बारीक करून दहा मिनिटं. कुकरच्या आत पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं, उघड्या पातेल्यात ते शंभरावरच थांबतं, म्हणून कुकरमध्ये काम लवकर होतं. वाफ आपोआप जाऊ द्या. घाई करून झाकण ओढू नका, हात भाजतो.

आता एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्यासमोर घडली. काही वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि दुपारी वहिनी माजघरात भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तेल उडून आलेला फोड होता, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्यावर तिनं हळद लावली होती. केसांना, पदराला तळणाचा वास. रात्री काय करायचं म्हणून ती उठायला लागली, तर माझा भाऊ म्हणाला, "तू बस. मी कढण करतो." आयुष्यात त्यानं चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. कुकरमध्ये भात लागला होता, म्हणून त्यानं मूग पातेल्यात चढवले. आणि कढणात आमसूल असतं एवढं त्याच्या लक्षात होतं, म्हणून सुरुवातीलाच चार आमसुलं त्यात टाकली. अर्धा तास झाला, पाऊण झाला, तासाच्या वर गेला. पाणी तांबूस झालं, पण मूग आपले टणक ते टणकच. तो दर पाच मिनिटांनी एक दाणा चिमटीत दाबून बघायचा. शेवटी आतून वहिनीचा आवाज आला, "अहो, आमसूल आधीच घातलंत का?" नुसत्या वासावरून तिनं ओळखलं.

आंबटाचा हा गुण आहे. दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. साध्या गरम पाण्यात तो सुटतो आणि दाणा मऊ पडतो. आंबट पाण्यात तो लवकर सुटत नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल, सगळ्यांचं तेच. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही याचंही कारण जवळचंच, त्या पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करून ठेवतं. तुमच्याकडे असं पाणी असेल तर कढणापुरतं क्षार काढणाऱ्या, म्हणजे आरओ गाळणीयंत्राचं वापरा. सोडा मात्र घालू नका. मूग शिजतील, पण चव बिघडते आणि बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

भावानं आमसुलं काढली, पाणी बदललं, पुन्हा चढवलं. त्या दिवशी आम्ही साडेनऊला जेवलो आणि त्या कढणाची चव मला अजून आठवते.

तर कुकर उघडलात. मूग बोटानं दाबल्यावर सहज चिरडला पाहिजे. आता रवीनं हलकंसं घुसळा, फार नाही. मग मोठ्या गाळणीतून पाणी दुसऱ्या पातेल्यात गाळून घ्या आणि पळीच्या पाठीनं थोडे मूग दाबून त्यांचा गर खाली उतरवा. हा गर किती उतरवायचा ते तुमच्यावर. तापातून उठलेल्याला पातळ बरं. दिवसभर राबलेल्याला जरा दाट द्या, पोटाला आधार होतो. मुगात शंभर ग्रॅमला सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यातली बरीचशी मागे चोथ्यात राहतात, म्हणून तो चोथा जपून ठेवा, त्याचं पुढे सांगते.

गाळलेलं कढण मंद आचेवर ठेवा. चवीला मीठ, बोटाच्या पेराएवढं आलं किसून, एक हिरवी मिरची मधे चिरून. दोन आमसुलं आता घाला. सुपारीएवढा गूळ. एक उकळी येऊ द्या. मग छोट्या कढल्यात दोन चमचे साजूक तूप तापवा, त्यात जिरं, जिरं फुललं की चिमूटभर हिंग आणि सात-आठ कढीपत्त्याची पानं. ती चुरचुरली की लगेच कढणावर ओता आणि झाकण ठेवा. दोन मिनिटं उघडू नका, वास आत मुरला पाहिजे. वरून कोथिंबीर.

कोकणातल्या श्रोत्यांना इथे कुळीथ आठवला असेल, आणि बरोबरच आहे. सिंधुदुर्गात कुळीथ शिजवून त्याचं पाणी काढतात त्याला कळण म्हणतात. त्याला लसणीची फोडणी, कुणी ताक घालतं, कुणी नारळाचा रस. थंडी सुरू झाली की मला ते मुगाहूनही आवडतं. पण कुळीथ रात्रभर भिजवायला हवेत आणि शिजायलाही वेळ घेतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं मुगापासून सुरुवात करावी. खानदेशात मात्र "कळण" म्हटलंत तर समोर ज्वारी आणि उडदाची भाकरी येईल. शब्द तोच, ताट वेगळं. आणि होळीला पुरण शिजवून निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी, कुणी तिला येळवणीची आमटी म्हणतं, ती तरी दुसरं काय आहे? डाळ शिजवलेलं पाणी आपल्या बायकांनी कधी मोरीत ओतलं नाही.

कढणाबरोबर मऊ भात पुरे, नाहीतर ज्वारीची भाकरी. पापड तळू नका, आज तरी भाजा. आणि गाळणीतले मूग उद्या सकाळी कांदा, लसूण, ओल्या खोबऱ्यावर परतलेत तर चांगली उसळ होते. थालीपिठाच्या पिठात मळून घेतलेत तरी छान. कार्तिकी एकादशी अजून आठवड्यावर आहे, तोवर दोन-तीनदा हे करून बघा, हात बसेल.

जेवणं झाली की कुकर, गाळणी, पातेलं आणि कढलं एवढीच भांडी पडतील. ती घासून टाका. आणि मोरीच्या कोपऱ्यात फराळाची तेलकट कढई परवापासून भिजत पडली असेल, गरम पाणी आणि राख घेऊन तीही तुम्हीच घासा.

नमस्कार.