जुना अँटिव्हायरस काढताना

(कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

सभेच्या आधी तुम्ही ज्या चिठ्ठ्या दिल्यात, त्या मी सगळ्या वाचल्या. ‘अँटिव्हायरसची मुदत संपली, रोज लाल चौकट येते, काय करू?’ ‘दुकानदार म्हणतो दुसरा टाकून देतो, मग पहिल्याचं काय?’ ‘मशीन इतकं स्लो झालंय की काढूनच टाकावासा वाटतो, पण धीर होत नाही.’ प्रश्न वेगवेगळे आहेत, पण त्यामागची धास्ती एकच आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. अँटिव्हायरस बदलायला हरकत नाही आणि काढायलाही हरकत नाही. पण जो काढायचा तो मुळापासून काढा. सगळ्यात वाईट अवस्था असते ती अर्धवट काढलेल्या अँटिव्हायरसची, आणि आपल्याकडच्या घरांत नेमकी तीच जास्त दिसते.

आधी धास्तीचं बघू. जुना काढला की कॉम्प्युटर उघडा पडणार, असं बहुतेकांना वाटतं. विंडोज एक्सपीच्या काळात ते खरंच होतं. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजच्या आतच येतो. विंडोज १० आणि ११ मध्येही तो आहे. तुम्ही बाहेरचा अँटिव्हायरस टाकलात की डिफेंडर बाजूला होतो, आणि तो बाहेरचा नीट काढलात की परत कामाला लागतो. त्यासाठी कुठलं बटण दाबावं लागत नाही, पैसे लागत नाहीत.

मग तो पुरतो का? जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दोन संस्था वर्षानुवर्षं अँटिव्हायरसच्या चाचण्या घेतात. त्यांत डिफेंडर गेली काही वर्षं विकतच्या नामवंत अँटिव्हायरसच्या बरोबरीनं गुण मिळवतो आहे. घरी ईमेल, बँक, महापालिकेचा मिळकतकर, नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढाच वापर असेल, तर माझ्या मते तो पुरतो. वाचलेल्या पैशांतून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि फोटो, कागदपत्रं तिच्यात उतरवून ठेवा. उद्या रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, फाइली कुलूपबंद केल्याच, तर ती डिस्क कामाला येईल. मात्र ती कायम जोडून ठेवू नका, नाहीतर तिच्यातल्या फाइलीही त्याच कुलपात जातात.

विकतचे अँटिव्हायरस निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, आणि पुण्यात उभं राहून तर मुळीच म्हणणार नाही. कैलास आणि संजय काटकर या भावांनी संगणक दुरुस्तीच्या कामातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी याच शहरात उभी केली. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरसचाच त्रास फार, हे बघून धाकट्या भावानं त्यावर प्रोग्रॅम लिहायला घेतला. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली. मला त्याचा अभिमान आहे. घरात लहान मुलं असतील आणि त्यांच्या वापरावर लक्ष ठेवायचं असेल, अडल्यावर फोन करायला माणूस हवा असेल, तर विकतचा अँटिव्हायरस जरूर घ्या. गरज ओळखून घ्या, लाल चौकटीला भिऊन घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता मुद्द्याचं. अँटिव्हायरस काढणं इतर प्रोग्रॅम काढण्यासारखं सोपं का नसतं?

तुम्ही एखादी फाइल उघडता, तेव्हा ती तुमच्यासमोर येण्याआधी अँटिव्हायरस तपासतो. त्यासाठी त्याला विंडोजच्या अगदी गाभ्यात, फाइल आणि डिस्क यांच्या मधोमध बसावं लागतं. तिथे बसणाऱ्या तुकड्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. नेटवरून येणारा मजकूर तपासायला नेटवर्कच्या वाटेवर आणखी एक फिल्टर असतो. काही अँटिव्हायरस सुरक्षित वेबसाइटचा मजकूर तपासता यावा म्हणून स्वतःचं प्रमाणपत्रही विंडोजमध्ये ठेवतात. इतक्या आत बसलेली गोष्ट बिघडली की काय होतं, हे जगानं बघितलं आहे. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटनं एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजचीच फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य मशिनं पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रोग्रॅमच्या सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पाडून निळ्या पडद्यावर आणून ठेवली, विमानतळांवर रांगा लागल्या. क्राउडस्ट्राइक कंपन्या वापरतात, तुमच्या-माझ्या घरी तो नसतो. पण जागा तीच.

म्हणून एका मशीनवर दोन विकतचे अँटिव्हायरस ठेवू नयेत. दोघंही त्याच फाइलीवर त्याच क्षणी हात टाकतात. एकानं पकडून अडकवून ठेवलेली फाइल दुसरा उघडायला जातो, आणि मशीन अडून बसतं. ‘स्लो झालंय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपमध्ये मी आधी हेच बघतो. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि ‘एफएलटीएमसी’ (fltmc) ही इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबायचं. गाभ्यात बसलेल्या फिल्टरांची यादी समोर येते.

एका काकूंच्या लॅपटॉपवर ही यादी उघडली, तेव्हा तिच्यात अशा अँटिव्हायरसचं नाव होतं जो त्यांनी दोन वर्षांपूर्वी ‘काढला’ होता. त्या काळात दुकानातून दुसरा टाकून घेतला होता आणि त्याचीही मुदत संपली होती. नेट मधेच जायचं. इंटरनेटवाल्याकडून राउटर बदलून झाला, तरी फरक नाही. पहिला अँटिव्हायरस काढला कसा, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, ‘पडद्यावरचं चित्र कचऱ्याच्या डब्यात टाकलं ना!’ तो नुसता शॉर्टकट होता. पुढे मुलानं प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर डिलीट करायचा प्रयत्न केला. अँटिव्हायरस स्वतःच्या फाइलींना हात लावू देत नाही, कारण व्हायरसही पहिला हल्ला त्याच्यावरच करतात. त्यामुळे काही फाइली गेल्या, काही राहिल्या आणि काढण्याचा जो अधिकृत प्रोग्रॅम होता, तोच नेमका गेला. भाडेकरू गेला, पण त्यानं बसवलेलं कुलूप दाराला तसंच राहिलं आणि किल्ली कोणाकडेच नाही, अशी ती गत. नेटवर्कच्या वाटेवरचा जुना फिल्टर काढल्यावर नेट सरळ झालं.

तेव्हा पद्धत अशी ठेवा. काढण्याआधी अँटिव्हायरस उघडून त्याच्यात तुमचं काय काय आहे ते बघा. अनेक अँटिव्हायरसमध्ये पासवर्ड साठवायची सोय असते, कुलूपबंद तिजोरीसारखा फोल्डर असतो. त्यातल्या गोष्टी आधी बाहेर काढा. प्रोग्रॅम गेला की ती तिजोरी उघडणं मुश्कील होऊन बसतं, आणि नेमका मृत्युपत्राचा मसुदा किंवा घराचे कागद तिथे असतात. लायसन्सची की वहीत उतरवा. मुदत शिल्लक असेल तर तीच की दुसऱ्या मशीनवर चालू शकते. नवा अँटिव्हायरस घ्यायचा असेल, तर तो कंपनीच्याच साइटवरून आधी उतरवून ठेवा, पण चालवू नका.

मग सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात यादी, नावापुढचे तीन ठिपके, ‘अनइन्स्टॉल’. मधे ‘थांबा, ७० टक्के सवलत’ अशी पाटी येईल. तिला भुलू नका. ‘सेटिंग्ज ठेवायच्या का’ असं विचारलं, तर ‘सगळं काढा’ निवडा.

आणि आता रीस्टार्ट. इथे जरा थांबतो, कारण इथेच गफलत होते. काढून झाल्यावर लोक ‘शट डाउन’ करतात आणि सकाळी परत चालू करतात. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुधा चालूच असते. ती असली की शट डाउन करताना विंडोज आपला गाभा, ड्रायव्हरसकट, डिस्कवर साठवतं आणि सकाळी तोच परत मेमरीत आणतं. म्हणजे रात्रभर मशीन बंद होतं, तरी ड्रायव्हर नव्यानं लोड झालेच नाहीत. अँटिव्हायरस काढताना बऱ्याच फाइली ‘पुढच्या वेळी सुरू होताना पुसायच्या’ म्हणून नोंदवलेल्या असतात, त्यासाठी खरा रीस्टार्ट लागतो. मेन्यूत ‘रीस्टार्ट’ असं लिहिलेलं असतं, तेच दाबा. त्यात गाभा पूर्ण उतरतो आणि नव्यानं चढतो.

रीस्टार्टनंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. तिथे जुन्याचं नाव अजून दिसत असेल, तर काढणं अपुरं राहिलं आहे. तेव्हा त्याच कंपनीचा साफसफाईचा प्रोग्रॅम वापरा. मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट, ईसेट, कॅस्परस्की या सगळ्यांनी असा प्रोग्रॅम मोफत दिलेला आहे. काही सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच भागांवर चालू करून, चालवावे लागतात. सेफ मोडमध्ये जाण्याआधी एक गोष्ट नक्की करा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीनं कुलूपबंद असू शकते आणि सेफ मोडला जाताना ती ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी ती शोधून कागदावर लिहा, मगच पुढे जा. की नसेल, तर सेफ मोडच्या वाटेला जाऊ नका, जाणत्या माणसाला बोलवा.

डिफेंडरचं नाव आलं आणि हिरवी खूण दिसली, की तो जागा आहे का हे ताडून बघता येतं. आयकार नावाच्या युरोपातल्या संस्थेनं यासाठीच ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल ठरवून दिली आहे. तिच्यात व्हायरस नाही, पण सगळे अँटिव्हायरस तिला पकडायचं असं ठरलेलं आहे. आयकारच्याच साइटवरून ती उतरवायला जा. अडवली गेली, तर पहारा चालू आहे.

पैशांचं एक सांगायचं राहिलं. प्रोग्रॅम काढला म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही. ऑटो रिन्यूअल कंपनीच्या साइटवरच्या तुमच्या खात्यात जाऊन वेगळं बंद करावं लागतं. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून असे ठरावीक पैसे आपोआप कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

आणि ती लाल चौकट! कोपऱ्यात येणारी, ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ सांगणारी. पुष्कळदा ती अँटिव्हायरसची नसतेच. कुठल्याशा वेबसाइटनं ‘अलाउ’ विचारलं, आपण दाबलं, आणि ती साइट क्रोमच्या सूचनांमधून नामवंत अँटिव्हायरसचं चिन्ह लावून पाट्या पाठवते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे ती नावं दिसतात, तिथून काढून टाका. त्या पाटीवरच्या नंबरवर कधीही फोन करू नका. केलाच आणि पैसे गेले, तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं, तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

शेवटच्या चिठ्ठीत विंडोज १० बद्दल विचारलं आहे. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे. पण विंडोजमधली भोकं बुजवणं हे अँटिव्हायरसचं काम नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला त्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते अडकले. तेव्हा विंडोज १० वर असाल, तर घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवा, किंवा मशीन झेपत असेल तर ११ वर जा. त्याआधी कोणता अँटिव्हायरस घेऊ, हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्यापैकी ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत, त्यांनी पुढच्या टेबलावर या, आपण एकेकाची फिल्टरांची यादी उघडून बघू.