बुलपेनचा न जुळणारा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

डेन्व्हर शहरातल्या कूर्स फील्ड या बेसबॉलच्या मैदानात सगळ्यात वरच्या सज्जातली विसावी रांग जांभळ्या रंगाची आहे. ही रांग समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर येते, म्हणून तिला वेगळा रंग दिला आहे. तिथली तिकिटे स्वस्त असतात, त्यामुळे मी बहुधा त्याच रांगेच्या आगेमागे बसतो. तिथून मैदानाच्या पलीकडे, उजव्या बाजूला कुंपणाच्या आत, एका बाकावर सात-आठ धिप्पाड माणसे बसलेली दिसतात. पहिले दोन तास ती जवळजवळ काहीच करत नाहीत. गप्पा मारतात, सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफले थुंकतात. मग सहाव्या-सातव्या इनिंगच्या (दोन्ही संघांच्या एकेका छोट्या डावाची एक फेरी, ती इनिंग) सुमारास तिथला फोन वाजतो, त्यांतला एक जण उठतो, जॅकेट उतरवतो आणि चेंडू टाकायला लागतो. या जागेला बुलपेन म्हणतात, आणि त्या माणसांना रिलीव्हर. बेसबॉलचा संघ बांधणाऱ्या शहाण्यासुरत्या लोकांनाही ज्यांचा हिशेब आजवर नीट जुळवता आलेला नाही, अशा या माणसांविषयी मी आज बोलणार आहे.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे आहोत, म्हणून एक फरक आधी सांगायला हवा. आपल्याकडे गोलंदाजाला एका षटकात मार पडला, तर कर्णधार त्याला सीमारेषेवर पाठवतो आणि तासाभराने दुसऱ्या टोकाकडून पुन्हा आणतो. बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एकदा सामन्यातून बाहेर काढले की त्या दिवशी तो परत येऊ शकत नाही. सामना नऊ इनिंगचा असतो, सुरुवात करणारा पिचर हल्ली पाच-सहा इनिंग टाकून थकतो, आणि उरलेल्या तीन-चार इनिंग बुलपेनमधल्या माणसांनी वाटून घ्यायच्या असतात. त्यांतला शेवटची इनिंग टाकणारा तो क्लोजर. संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना त्याने शेवटची इनिंग टाकून सामना राखला, तर त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ लागते. हे मोजमाप शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्त्झमन यांनी काढले आणि १९६९ पासून ते अधिकृत झाले. त्या एका आकड्याने पुढे या धंद्यातला पैसा कुठून कुठे नेला, हे पाहिले की पत्रकाराच्या पेन्सिलीचे सामर्थ्य कळते.

आता कूर्स फील्डवर खेळणाऱ्या आमच्या कोलोरॅडो रॉकीज संघाची गोष्ट ऐका. २०१७ च्या डिसेंबरात या संघाने तीन रिलीव्हरांशी प्रत्येकी तीन वर्षांचे करार केले. ब्रायन शॉ आणि जेक मॅगी यांना प्रत्येकी २ कोटी ७० लाख डॉलर, आणि वेड डेव्हिस या नावाजलेल्या क्लोजरला ५ कोटी २० लाख. तिघांचे मिळून १० कोटी ६० लाख झाले. वर्षाच्या सरासरीने पाहिले तर डेव्हिसचा करार तोवरच्या कुठल्याही रिलीव्हरच्या करारापेक्षा मोठा होता. यात वेडेपणा काहीच नव्हता. आदल्या हंगामात शिकागो कब्जकडून खेळताना डेव्हिसने सेव्हच्या ३३ संधींपैकी ३२ साधल्या होत्या. शॉ क्लीव्हलंडसाठी ७९ सामन्यांत उतरला होता, आणि असा रोज हाताशी असणारा माणूस कोणत्या संघाला नको असतो? मॅगी तर आदली दोन वर्षे रॉकीजमध्येच असल्यामुळे पारखलेला होता.

२०१८ साली काय झाले ते पाहा. पिचरचे मोजमाप करताना दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर किती धावा लागल्या, ती सरासरी पाहतात, आणि तिला ईआरए म्हणतात. रिलीव्हरची ही सरासरी तीनच्या आत असली की मालक खूश असतो, आणि पाचच्या वर गेली की प्रेक्षक हुर्यो उडवतात. त्या वर्षी शॉची सरासरी ५.९३ झाली आणि मॅगीची ६.४९. डेव्हिसने ४३ सेव्ह मिळवून नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीत) पहिला क्रमांक पटकावला खरा, पण त्याचीही सरासरी ४.१३ होती. तीन धावांची आघाडी हातात असताना दोन धावा देऊनही सेव्ह मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांतले भांडण मिटते.

तरीही रॉकीजनी त्या वर्षी ९१ सामने जिंकले आणि बाद फेरी गाठली. त्यात बुलपेनचा वाटा होताच, फक्त तो उचलणारा माणूस भलताच निघाला. ॲडम ओटाविनो हा पिचर संघात आधीपासून होता. २०१७ साली त्याची सरासरी ५.०६ होती. ५३ इनिंगमध्ये त्याने ३९ फलंदाजांना दिशाहीन चेंडू टाकून फुकटचा बेस (धाव पुरी करण्याच्या वाटेवरचा टप्पा) दिला होता, आणि सामने अटीतटीला आले की व्यवस्थापक त्याच्याकडे बघेनासे झाले होते. त्या हिवाळ्यात ओटाविनोने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात रस्त्याकडेच्या एका रिकाम्या गाळ्यात आपला सराव मांडला. तिथे अतिवेगवान कॅमेरा आणि चेंडूची फिरकी मोजणारे यंत्र बसवून तो रोज एकेक चेंडू टाकायचा, बोटे चेंडूवरून नेमकी कशी सुटतात ते पडद्यावर पाहायचा, आणि पुन्हा टाकायचा. बाहेरच्या फुटपाथवरून जाणाऱ्यांना आत काय चालले आहे याचा पत्ता नसणार. २०१८ मध्ये त्याची सरासरी २.४३ झाली आणि ७७ इनिंगमध्ये त्याने ११२ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मैदानात टोलवू न देताच बाद केले. म्हणजे रॉकीजनी ज्यासाठी १० कोटी ६० लाख मोजले, ती वस्तू त्यांच्या घरातच होती, आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. ओटाविनोलाही डिसेंबरात ते पुरते ठाऊक होते, असे मला वाटत नाही.

असे का होते? याचे पहिले उत्तर अंकगणिताचे आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. हंगाम १६२ सामन्यांचा असतो, पण रिलीव्हर त्यात जेमतेम ६०-७० इनिंग टाकतो. समजा, एकाने ६५ इनिंगमध्ये १८ धावा दिल्या, तर त्याची सरासरी २.४९ येते आणि तो करोडपती होतो. दुसऱ्याने तेवढ्याच इनिंगमध्ये २८ धावा दिल्या, तर सरासरी ३.८८ येते आणि त्याला फोन येईनासे होतात. दोघांत फरक फक्त दहा धावांचा आहे. सहा महिन्यांतल्या तीन वाईट संध्याकाळी एवढ्या धावा द्यायला पुरेशा होतात. बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी सुमारे तीस टक्के चेंडूंवर फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचतो, आणि त्यातले कोणते पोहोचतील हे बरेचसे क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे यावर ठरते. सुरुवात करणाऱ्या पिचरच्या पावणेदोनशे इनिंगमध्ये ही नशिबाची देवघेव बऱ्याच अंशी फिटते. रिलीव्हरचा हंगाम ती फिटायच्या आधीच संपतो, आणि मग आपण त्या अर्ध्यामुर्ध्या हिशेबावर तीन वर्षांचा करार लिहितो.

दुसरे कारण या माणसांच्या घडणीत आहे. लहानपणापासून रिलीव्हर व्हायचे ठरवून कोणी रिलीव्हर होत नाही. बहुतेक जण सुरुवातीचे पिचर म्हणून अपुरे पडलेले असतात. त्यांच्याकडे दोनच चेंडू चांगले असतात, तिसरा नसतो, किंवा खांदा शंभर चेंडू सोसत नाही. वेड डेव्हिस हाही असाच घडला. कॅन्सस सिटी रॉयल्सनी त्याला सामने सुरू करण्यासाठी आणले होते, आणि २०१३ मध्ये त्याची सरासरी ५.३२ होती. २०१४ च्या वसंतात संघातल्या ल्यूक होचेव्हार या रिलीव्हरचे कोपर गेले, जागा रिकामी झाली, आणि डेव्हिसला तिथे बसवले. त्या हंगामात त्याने ७२ इनिंग टाकल्या, सरासरी बरोबर १.०० राखली, आणि एकही होमरन (कुंपणापलीकडे जाणारा फटका) दिला नाही. पुढच्या वर्षी रॉयल्स विश्वविजेते झाले तेव्हा शेवटचा बळी त्याचाच होता. डेन्व्हरने ५ कोटी २० लाखांना घेतलेला क्लोजर मुळात दुसऱ्याच्या दुखापतीतून निघालेला होता.

अशा चर्चेत कोणीतरी मारियानो रिव्हेराचे नाव काढतोच. पनामातल्या कोळ्यांच्या गावातून आलेल्या या माणसाने न्यूयॉर्क यांकीजसाठी ६५२ सेव्ह मिळवल्या, आणि वर्षानुवर्षे तो घड्याळासारखा चालला. पण १९९५ मध्ये त्याला आधी दहा सामने सुरू करायला दिले होते, आणि त्या वर्षी त्याची सरासरी ५.५१ होती. त्याच्याही हातात काय दडले आहे, ते तेव्हा कोणाला दिसले नव्हते. आणि २००१ च्या विश्वमालिकेच्या (विजेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये, लुईस गोन्झालेझने त्याचा चेंडू बॅटच्या मुठीजवळच्या बारीक भागावर घेऊन आत सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून अलगद टाकला आणि मालिका ॲरिझोनाने नेली. चेंडू चांगलाच होता. फटका वाईट होता, आणि तोच कामी आला.

तिसरे कारण शरीराचे. ताशी ९५ मैलांच्या वरचे चेंडू ज्या कोपराच्या जोरावर टाकले जातात, त्या कोपराची मुदत कोणी छापून देत नाही. भारतातून दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेतून निवडला गेलेला, भालाफेक करणारा रिंकू सिंह (आजचा क्रिकेटपटू नव्हे, दुसरा) पिट्सबर्ग पायरेट्सच्या खालच्या स्तरांवरच्या संघांत रिलीव्हर म्हणूनच पायऱ्या चढत होता, तोवर त्याचेही कोपर शस्त्रक्रियेला गेले. एडविन डियाझची तऱ्हा त्याहून निराळी. २०१८ मध्ये सिॲटलसाठी ५७ सेव्ह, म्हणून न्यूयॉर्क मेट्सनी त्याला आणले. २०१९ मध्ये सरासरी ५.५९. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या. २०२२ मध्ये सरासरी १.३१, आणि त्यावर पाच वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलर. मग मार्च २०२३ मध्ये प्वेर्तो रिकोकडून खेळताना, सामना जिंकून झाल्यावर, सहकाऱ्यांबरोबर आनंदाने उड्या मारताना त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि अख्खा हंगाम गेला. चेंडू टाकताना नव्हे, नाचताना. याची तरतूद कोणत्या तक्त्यात करायची?

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की डेन्व्हरची हवा पातळ आहे. तिथे चेंडू लांब जातो आणि वळणारा चेंडू कमी वळतो, त्यामुळे आमच्या तिघांच्या अपयशात त्या जांभळ्या रांगेचाही हात असणार. पण ओटाविनोने तीच हवा घेतली होती. आणि लॉस एंजेलिस तर समुद्रकाठी आहे. तिथल्या डॉजर्स संघाने २०२५ च्या हंगामासाठी टॅनर स्कॉटला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर दिले. त्याची सरासरी ४.७४ झाली आणि सेव्हच्या दहा संधी त्याने घालवल्या. विश्वमालिकेच्या तिसऱ्या सामन्यात अठरा इनिंग झाल्या, बुलपेन रिकामे होत गेले, आणि शेवटी विल क्लाइन नावाचा, त्याच वर्षी सिॲटलने सोडून दिलेला पिचर मैदानात आला. त्याने चार इनिंगमध्ये ७२ चेंडू टाकले, एकही धाव दिली नाही, आणि अठराव्या इनिंगला फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने सामना संपला. मालिकेच्या सातव्या सामन्यात शेवटचे आठ बळी योशिनोबु यामामोतोने मिळवले. तो सामने सुरू करणारा पिचर आहे, आणि आदल्याच रात्री त्याने ९६ चेंडू टाकले होते.

ज्या संघांना हे कळले आहे ते एका मोठ्या नावावर फारसे विसंबत नाहीत. ते आठ जागांसाठी वीसेक माणसे गोळा करतात, ज्यांना खालच्या स्तरावर पाठवता येते त्यांना वर-खाली फिरवत राहतात, आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेल्यांच्या एखाद्या चेंडूची फिरकी बरी दिसली की त्याला उचलतात. भाजी निवडण्यासारखेच हे काम आहे, आणि त्यात बरेचसे फेकावे लागते. माणसाच्या दृष्टीने मला ते क्रूर वाटते. मंगळवारी विमानाने आलेला पोरगा गुरुवारी परतीच्या विमानात असतो. टाम्पा बे संघाने २०१२ साली फर्नांडो रॉडनीला असेच स्वस्तात घेतले. त्याची आदल्या वर्षीची सरासरी ४.५० होती. टाम्पात त्याने पाय ठेवायची जागा थोडी सरकवली, आणि ०.६० च्या सरासरीने ४८ सेव्ह मिळवल्या. पुढच्या वर्षी ती सरासरी पुन्हा ३.३८ झाली.

आमच्या तिघांचे पुढे काय झाले, ते राहिले. २०१९ मध्ये डेव्हिसने ४२ इनिंगमध्ये ४१ धावा दिल्या. जुलै २०२० मध्ये, हंगामाच्या तोंडावर, रॉकीजनी शॉ आणि मॅगी दोघांनाही मोकळे केले. उरलेला पगार अर्थातच रॉकीजनाच द्यायचा होता. मॅगीला काही दिवसांतच डॉजर्सनी घेतले, त्याची सरासरी २.६६ झाली, आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद डॉजर्सनी मिळवले. पुढच्या वर्षी तो सॅन फ्रान्सिस्कोत गेला आणि तिथे त्याने ३१ सेव्ह मिळवल्या. शॉ २०२१ मध्ये क्लीव्हलंडला परतला, आणि ८१ सामन्यांत उतरून त्याने ३.४९ ची सरासरी राखली. ओटाविनो २०१८ नंतर करारातून मोकळा झाला, आणि जानेवारी २०१९ मध्ये यांकीजनी त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. रक्कम २ कोटी ७० लाख डॉलर, शॉ आणि मॅगी यांची होती तीच. पहिल्या वर्षी त्याची सरासरी १.९० होती. दुसऱ्या वर्षी ५.८९. तिसरे वर्ष सुरू होण्याआधी यांकीजनी त्याला बॉस्टनला देऊन टाकले.