बिनछपराची चर्च

[पडदा काळा. फक्त पावसाचा आवाज.]

हा पाऊस आयर्लंडचा. आपल्या आषाढासारखा तो धो धो कोसळत नाही. दिवसातून चार वेळा येतो, अंग ओलं करतो आणि छत्री उघडेपर्यंत निघूनही जातो. पण येतो बारा महिने. त्यामुळे या देशात कुणी काहीही बांधलं की पहिला प्रश्न एकच असतो: गळतं का?

आज आपण जी चर्च बघणार आहोत, त्यातली बरीचशी गळत नाहीत. कारण त्यांना छप्परच नाही.

[गवताळ उतार. दूरवर समुद्र. दगडी गडग्यांनी आखलेली शेतं.]

सुरुवात मात्र अपवादापासून करू. नैऋत्य टोकाला केरी परगण्यात डिंगलचं द्वीपकल्प समुद्रात शिरलंय. इथल्या पाट्या आयरिश भाषेत आहेत, कारण ही भाषा रोजच्या बोलण्यात टिकून राहिलेल्या थोड्या भागांपैकी हा एक. शेतांच्या मधोमध एक करडी वास्तू दिसते. होडी पालथी घालावी तशी. हे गॅलरसचं प्रार्थनागृह.

आत वाकूनच जावं लागतं. आतली जागा साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. एखाद्या चाळीतल्या खोलीएवढी म्हणा. पश्चिमेला दार, पूर्वेला एक चिंचोळी खिडकी, बाकी अंधार. चुना नाही, वासा नाही, खिळा नाही. भिंती थरागणिक किंचित आत झुकत जातात आणि माथ्यावर एकमेकींना भेटतात. भिंत कुठे संपली आणि छप्पर कुठे सुरू झालं, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

खरी हुशारी दगड बसवण्यात आहे. प्रत्येक दगड बाहेरच्या अंगाला जरासा उतरता ठेवलाय. पाणी फटीत शिरलं तरी आत न येता बाहेर ओघळतं. ही वास्तू सहाव्या शतकातली की बाराव्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. माथ्याची रेघ मधोमध थोडी खचली आहे. पण ती पडलेली नाही.

आणि हे कसब एखाद्या राजाच्या शिल्पशाळेतलं नव्हे. बाहेर येऊन आजूबाजूचे गडगे पाहा. तेही असेच, चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेले. शेतातले दगड वेचून कडेला लावायचे, म्हणजे शेतही मोकळं होतं आणि गुरंही आवरतात. अटलांटिकवरचा वारा फटींतून आरपार जातो, म्हणून गडगा उभा राहतो. जो हात मेंढ्या अडवत होता, त्याच हाताने देवाचं घर रचलं असावं, असं मला इथे उभं राहिल्यावर वाटतं. पुरावा मागू नका.

[नदी. सपाट कुरणं. धुक्यात एक गोल मनोरा.]

आता देशाच्या मध्यावर. ही शॅनन, आयर्लंडची सर्वात लांब नदी. तिला उतार इतका कमी आहे की ती वाहते की पसरते, हे कळत नाही. हिवाळ्यात ती काठची कुरणं गिळते आणि त्या पाण्यावर आइसलँडहून आलेले हंस उतरतात. या काठावर क्लॉनमॅकनॉइज आहे.

आज ही आडवाट वाटते. तेव्हा हा देशाचा चौरस्ता होता. उत्तर-दक्षिण वाट म्हणजे नदी. पूर्व-पश्चिम वाट म्हणजे एस्कर, हिमयुगात बर्फाखालच्या प्रवाहांनी मागे सोडलेला वाळू-खडीचा लांबच लांब बांध. आजूबाजूला पाय रुतेल अशी दलदल, आणि त्यातून जाणारी ही एकच कोरडी वाट. 544 च्या सुमारास किअरान नावाच्या साधूने मठासाठी नेमकी ही जागा निवडली. सुताराचा मुलगा होता, बांधकामाला जागा कशी बघावी हे त्याला कळत असणार. परंपरा सांगते की मठ उभा राहून वर्षही झालं नव्हतं, तोच तो साथीत गेला. वय तेहतीस.

मठ मात्र वाढतच गेला. आज इथे एक कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, सात चर्च, दोन गोल मनोरे आणि तीन उंच क्रूस आहेत. आणि थडग्यांच्या शेकडो शिळा, ज्यांच्यावर जुन्या आयरिशमध्ये एकच मागणं पुन्हा पुन्हा कोरलेलं दिसतं: अमक्यासाठी प्रार्थना करा. हुद्दा नाही, पराक्रम नाही. नुसतं नाव.

[दगडी क्रूसावरून हळूहळू वर सरकणारा कॅमेरा.]

हा शास्त्रवचनांचा क्रूस. सुमारे चार मीटर उंच वालुकाश्म, काळ इसवी सन 900 च्या आसपासचा. चौकटीचौकटीत बायबलातले प्रसंग. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ही पोथी. दगडाचे चेहरे वाऱ्यापावसाने पुसट होऊ लागले, तेव्हा मूळ क्रूस आत संग्रहालयात नेला आणि बाहेर प्रतिकृती उभी केली. म्हणजे क्रूसाला छप्पर मिळालं. चर्चना अजून नाही.

आता तो मनोरा. आयरिश भाषेत त्याला 'घंटाघर' या अर्थाचाच शब्द आहे. देशभर असे साठाहून अधिक मनोरे शिल्लक आहेत आणि बहुतेकांचं दार जमिनीपासून पुरुषभर किंवा त्याहून उंचावर. गाइड लगेच सांगतो: व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू, आले की साधू शिडीने वर चढायचे आणि शिडी ओढून घ्यायचे. गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच, की आत सगळे मजले लाकडी. खाली कुणी जाळ लावला की हा मनोरा म्हणजे उभं धुराडं. 1097 मध्ये मोनास्टरबॉइसचा मनोरा आतल्या पोथ्यांसकट जळाला, अशी बखरींत नोंद आहे. दार उंचावर असण्याचं एक साधं कारण म्हणजे उथळ पाया. खालचा भाग भोक न पाडता भरीव ठेवला तर मनोरा तग धरतो. या क्लॉनमॅकनॉइजच्या मोठ्या मनोऱ्याचं डोकं मात्र शत्रूने नाही उडवलं. 1135 साली वीज पडली.

आणि शत्रू म्हणजे फक्त व्हायकिंग, हाही समज सोडून द्या. 764 साली क्लॉनमॅकनॉइजची माणसं शेजारच्या डरो मठाच्या माणसांशी लढली. डरोची दोनशे माणसं पडली. मठ विरुद्ध मठ. त्या काळी मठ म्हणजे जमीन, गुरं, वसुली आणि राजाश्रय. जिथे एवढं असतं तिथे भांडण असतंच.

गुरांवरून आठवलं. या मठात लिहिली गेलेली 'लेबॉर ना हुइद्रे', म्हणजे 'भुऱ्या गाईचं पुस्तक', डब्लिनला जपून ठेवलं आहे. नाव पडलं ते किअरानच्या गाईवरून, आख्यायिकेप्रमाणे तिच्या कातड्यावर ते लिहिलं म्हणून. आतल्या कथा मात्र बऱ्याचशा ख्रिस्तापूर्वीच्या वीरांच्या. साधूंनी जुन्या देवादिकांच्या गोष्टी जाळल्या नाहीत, नीट बसून उतरवून घेतल्या. त्याबद्दल त्यांना बाकी सगळं माफ.

[काळपट दलदल. पीटच्या ओळीने रचलेल्या विटा.]

ही दलदल. हजारो वर्षं न कुजता साचलेलं शेवाळ म्हणजे पीट. ते कापायचं, वाळवायचं आणि चुलीत जाळायचं. त्याचा धूर ज्याने एकदा घेतला, त्याला आयर्लंडची आठवण नाकातूनच येते. इथून जवळचं पीटवर चालणारं वीजकेंद्र 2020 च्या अखेरीस बंद झालं. सरकारी पीटकंपनीनेही उपसा थांबवला आणि आता दलदली पुन्हा ओल्या करायचं काम चाललंय.

2006 मध्ये टिपेररी परगण्यात पीट उपसताना यंत्राच्या दातांशी एक पुस्तक आलं. स्तोत्रांची पोथी, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची, चामड्याच्या वेष्टनासकट. दलदलीत हवा नाही आणि पाणी आम्लधर्मी, म्हणून चामडं टिकलं. पानं उलगडायला काही वर्षं लागली. वेष्टनाच्या आत अस्तराला पपायरस निघाला. पपायरस, म्हणजे भूमध्य समुद्राकडची वस्तू! जे ग्रंथ भिंतींच्या आत ठेवले त्यातले कितीतरी जळाले. हा चिखलात पडला आणि वाचला.

[छप्पर नसलेलं कॅथेड्रल. भिंतींवर कावळे.]

तर छपरं गेली कुठे?

सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री रोमच्या कॅथलिक चर्चपासून वेगळा झाला आणि त्याने मठ बंद केले. मठाच्या इमारतीत विकण्याजोगं काय? छपरावरचं शिसं आणि घंटांचा धातू. 1552 मध्ये अथलोनच्या इंग्रज शिबंदीने क्लॉनमॅकनॉइज लुटलं, तेव्हा लहानमोठी एकही घंटा, मूर्ती, वेदी, पुस्तक, इतकंच काय खिडकीतली काचही मागे राहिली नाही, असं बखरकार कळवळून लिहितात.

आणि सगळीच छपरं शत्रूने उतरवली असंही नाही. कॅशेलच्या खडकावरचं भव्य कॅथेड्रल 1749 साली उघडं पाडलं ते तिथल्याच प्रोटेस्टंट आर्चबिशपने. खडकावर चढणं जिकिरीचं, डागडुजी महाग, म्हणून छप्पर काढून टाकलं! शेजारच्याच कॉरमॅकच्या चॅपेलचं, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाचं, दगडी छप्पर 1134 पासून शाबूत आहे, पण वालुकाश्म स्पंजासारखा पाणी पितो आणि आतली भित्तिचित्रं ओलीने खराब होऊ लागली. अखेर अलीकडे काही वर्षं त्या अख्ख्या चॅपेलवर दुसरं तात्पुरतं छप्पर घालून ते वाळवावं लागलं.

रोमशी फारकत झाल्यावर जुनी चर्च कायद्याने प्रोटेस्टंट पंथाकडे गेली. लोक राहिले कॅथलिक. खेडोपाडी इमारत एकाची आणि भाविक दुसऱ्याचे, मग छप्पर शाकारणार कोण? पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिकांवर जाचक कायदे लादले गेले, बिशपांना देशाबाहेर घालवलं. लोक रानात, ओहोळाच्या काठी, एखाद्या सपाट दगडाची वेदी करून मिसा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, ऐकू लागले. असे 'मिसेचे दगड' आजही गावोगाव दाखवतात.

वसईच्या किल्ल्यातली आकाशाला उघडी चर्च ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. फरक असा, की आयर्लंडात पडक्या भिंतींच्या आत माणसं येतच राहिली. कशासाठी? पुरायला आणि पुरलं जायला. चर्च मोडलं, दफनभूमी मोडली नाही. जिथे पूर्वी लोक प्रार्थनेला बसायचे, तिथे गवतात थडगी उभी आहेत आणि त्यांतल्या काहींवर ताजी फुलं असतात.

क्लॉनमॅकनॉइजमध्ये किअरानचं म्हणून एक इवलंसं चर्च आहे. तो तिथेच पुरला आहे, अशी श्रद्धा. शेतकरी तिथली मूठभर माती न्यायचे आणि शेताच्या चार कोपऱ्यांत टाकायचे, पिकाला आणि गुरांना राखण म्हणून. आपल्याकडे अंगारा नेतात तसा. इतक्या पिढ्यांनी इतकी माती नेली की आतली जमीन खोल गेली आणि शेवटी फरशा घालाव्या लागल्या.

[पश्चिम. मेयो परगणा. ढगांत बुडालेला शंकूसारखा डोंगर.]

शेवटचा मुक्काम बॅलिनटबर. नावाचा अर्थ 'विहिरीचं गाव'. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकने इथल्या झऱ्याच्या पाण्याने लोकांना बाप्तिस्मा दिला, असं मानतात.

इथलं चर्च 1216 मध्ये कॉनॉटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या प्रांताच्या, काहल राजाने बांधलं. आख्यायिका मजेदार आहे. राजा होण्याआधी तो या गावात लपून, एका शेरिडन नावाच्या माणसाकडे गडी म्हणून राबत होता. गादी मिळाल्यावर त्याने विचारलं, तुझ्यासाठी काय करू? शेरिडन म्हणाला, आमचं जुनं चर्च मोडकळीला आलंय, तेवढं नवं करून दे. राजाने हुकूम सोडला. काही वर्षांनी भेट झाली तर शेरिडनचं तोंड वाकडं. चर्च बांधलं होतं, पण याच नावाच्या दुसऱ्या गावात, रॉसकॉमनमध्ये! राजा म्हणाला, मग तुला त्याहून मोठं देतो. सरकारी काम तेव्हाही असंच होतं तर.

1653 मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैनिकांनी बॅलिनटबरचं हे चर्च जाळलं. छप्पर कोसळलं, दगडी भिंती उभ्या राहिल्या. आणि लोक? रविवारी आले तसेच आले. उघड्यावर उभे राहिले, गुडघे चिखलात टेकले. पुढचा रविवार, पुढचं वर्ष, पुढची पिढी. 1846 मध्ये दुरुस्ती सुरू झाली, तर बटाट्याचं पीक सडून महादुष्काळ पडला. देशात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि मेयोची दैना सर्वात वाईट. काम थांबलं. 1889 मध्ये वेदीकडचा भाग झाकला गेला. लोक बसतात त्या लांब दालनावर छप्पर चढलं ते 1966 साली, चर्चला साडेसातशे वर्षं झाली तेव्हा.

मधल्या 313 वर्षांत मिसा कधी बंद पडली नाही, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

[चर्चचा अंतर्भाग. पांढऱ्या भिंती. छपरावर पावसाचा आवाज.]

आत आज विशेष थाटमाट नाही. पांढऱ्या भिंती, लाकडी छत, दगडी चौकटीच्या खिडक्या. बाजूला एका दालनात टिबॉट नावाच्या सरदाराची कबर. दर्यावर दरारा असलेल्या ग्रेस ओ'मॅलीचा हा मुलगा. जन्मही जहाजावरच झाला, म्हणून नावापुढे 'जहाजांचा' लागलं.

सकाळची वेळ. पाठीवर पिशव्या घेतलेले काही जण मेणबत्ती लावतात. हे पॅट्रिकच्या वाटेने निघालेले यात्रेकरू. कुरणांतून, दलदलीतून, गडग्यांवरच्या पायऱ्या चढत-उतरत क्रोह पॅट्रिक डोंगरापर्यंत. वाटेचा एक नियम आहे: कुरकुर करायची नाही. पाय दुखला, बूट रुतला, तरी म्हणायचं, 'देवाची कृपा.'

दार उघडतं. बाहेर भुरभुर सुरू झालेली. एक बाई टोपी ओढून घेते, आकाशाकडे बघते आणि हसून म्हणते, 'देवाची कृपा.' पुढचे पस्तीस किलोमीटर वर छप्पर नाही.

[पावलांचा आवाज. पाऊस. पडदा काळा.]