कोणत्या वहीत तुमचं नाव आहे?

(पडद्यावर : अनुदानाच्या अर्जाचं पहिलं पान. कॅमेरा रकान्यांवरून हळूहळू खाली सरकतो.)

अर्ज भरायला बसलेला माणूस मनातून आपली अडचण सांगायला बसलेला असतो. गिऱ्हाईक तुटलंय, भाडं थकलंय, महिनाअखेरीचा पगार डोक्यावर आहे. अर्जात मात्र अडचण लिहायला एकही रकाना सापडत नाही. तिथे विचारलेली असते तारीख, नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षाचा आकडा. पात्रता इथे ठरते. खरं तर पेन हातात घेण्याआधीच ती बरीचशी ठरून गेलेली असते.

मार्च 2020. टाळेबंदी लागली आणि छोट्या धंद्यांना तातडीनं पैसे पोचवायची वेळ आली. इंग्लंडमध्ये पहिला प्रश्न उभा राहिला तो अगदी साधा : छोटा धंदा ओळखायचा कसा? नवी यादी करत बसायला वेळ नव्हता. मग हाताशी होती तीच वही उघडली गेली, धंद्याच्या जागांवर आकारल्या जाणाऱ्या कराची. लहान जागेला या करात सवलत मिळते. 11 मार्च 2020 रोजी ज्याला ही सवलत लागू होती, त्याला 10,000 पौंड. नफा-तोट्याची विचारपूसच नाही.

युक्ती नामी होती, यात शंका नाही. पण वहीत नोंद असते ती जागेची.

(पडद्यावर : मोठ्या इमारतीतला एक सामायिक मजला. ओळीनं मांडलेली टेबलं.)

अशा इमारतीत एखादी खोली, एखादं टेबल भाड्यानं घेऊन धंदा करणारे कितीतरी. त्यांचा कर भाड्यातच धरलेला. भरणारा जागेचा मालक. म्हणजे धंदा खराखुरा, नुकसानही खरंखुरं, आणि कराच्या वहीत त्यांच्या नावाचं पानच नाही. बाजारात गाळा मांडणाऱ्यांचीही हीच गत झाली. 1 मे 2020 रोजी सरकारनं 61.7 कोटी पौंडांपर्यंतचा वेगळा निधी जाहीर केला आणि कोणाला द्यायचं हे बऱ्याच अंशी स्थानिक कौन्सिलांवर सोपवलं. तोवर 11 मार्चपासून दीड महिन्याहून जास्त काळ उलटला होता.

आता ‘छोटा’ हा शब्द घेऊ. युरोपीय संघाच्या व्याख्येत 50 पेक्षा कमी माणसं आणि 1 कोटी युरोपर्यंत उलाढाल किंवा तेवढाच ताळेबंद असेल तर उद्योग छोटा. 10 पेक्षा कमी माणसं आणि 20 लाख युरोपर्यंतचा आकडा असेल तर सूक्ष्म. वाचायला सोपं आहे. पण माणसं मोजायची कशी? अर्धा दिवस काम करणारा अर्धा धरतात. शिकाऊ उमेदवार मोजत नाहीत. बाळंतपणाच्या रजेचा काळ धरत नाहीत. स्वतः धंदा चालवणारा मालक मात्र मोजला जातो. आणि तुमच्या कंपनीत दुसऱ्या एखाद्या कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा असेल, तर तिची सगळी माणसं तुमच्या खात्यावर चढतात. सात जणांचं वर्कशॉप कागदावर सातशे जणांचं होऊन बसतं.

भारतात हीच रेघ गुंतवणूक आणि उलाढाल यांवर ओढलेली आहे. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीसाठी 1 कोटीवरून अडीच कोटी आणि उलाढालीसाठी 5 कोटींवरून 10 कोटी रुपये झाली. यंत्र तेच, कामगार तेच. 31 मार्चला ‘लघु’ असलेले कित्येक उद्योग नव्या मोजमापात ‘सूक्ष्म’ ठरले. इथे एका पॅन क्रमांकाखालची सगळी युनिटं एकत्र धरतात, त्यामुळे धंद्याचे चार तुकडे करून छोटं दिसायची सोय नाही. निर्यातीची रक्कम मात्र उलाढालीतून वगळतात.

(पडद्यावर : अमेरिकेतलं कर विवरणपत्र. ओळ 31 वर कॅमेरा थांबतो.)

ही ओळ नीट पाहा. अमेरिकेत 2020 साली पगार भागवण्यासाठी कर्ज मिळत होतं आणि अटी पाळल्या की ते माफ होत होतं. नाव कर्जाचं, चाल अनुदानाची. साधारण मर्यादा 500 कामगारांची. पण हॉटेलं आणि उपाहारगृहांना ती प्रत्येक जागेपुरती मोजायची मुभा होती. त्यामुळे शेअर बाजारात नोंदलेली ‘शेक शॅक’सारखी साखळीही नियमात चपखल बसली. तिला 1 कोटी डॉलर मिळाले. गदारोळ उठला आणि कंपनीनं ते परत केले. नियम मोडला नव्हता, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या टोकाला एकट्यानं धंदा करणारा. त्याला किती रक्कम मिळणार हे ओळ 31 वरून ठरत होतं, म्हणजे निव्वळ नफ्यावरून. आता विवरणपत्र भरताना शहाणा माणूस काय करतो? जेवढे खर्च कायद्यानं दाखवता येतात तेवढे सगळे दाखवतो. गाडी, फोन, यंत्राचा घसारा. वर्षानुवर्षं हिशेबनिसानं दिलेला हाच सल्ला. नफा कमी, कर कमी. आणि मग एका वर्षी तोच आकडा मदतीचं माप बनून समोर येतो. ओळ 31 वर शून्य किंवा तोटा असेल, तर मदतही शून्य.

मला हा सगळ्यात बोचरा प्रकार वाटतो, कारण इथे चूक कुणाचीच नाही. मार्च 2021 मध्ये नियम बदलून ओळ 7, म्हणजे ढोबळ उत्पन्न, धरायची मुभा दिली गेली. ज्यांचं कर्ज आधीच मंजूर झालं होतं, त्यांना नव्या मापाचा लाभ मिळाला नाही.

ब्रिटनमध्ये स्वयंरोजगारवाल्यांसाठीच्या अनुदानातही अशीच गोष्ट. 2018-19 चं विवरणपत्र हवं. 2019 च्या उन्हाळ्यात धंदा सुरू केलेला माणूस पहिल्या तीन हप्त्यांत कुठेच बसत नव्हता. चौथ्या हप्त्याला पुढच्या वर्षाचं विवरणपत्र ग्राह्य धरलं, तेव्हा दार उघडलं.

(पडद्यावर : संगणकाचा पडदा. अर्ज भरून पूर्ण. कर्सर लुकलुकतोय.)

समजा सगळं जुळलं. तारीख, आकडा, वही, सगळं. तरी रांग उरतेच. अमेरिकेतल्या त्या कर्जासाठी ठेवलेले पहिले 34,900 कोटी डॉलर 3 एप्रिल ते 16 एप्रिल 2020, एवढ्यात संपले. अर्ज बँकांमार्फत होते आणि अनेक बँकांनी आधी आपले जुने खातेदार हाती घेतले. आणखी एक वही.

पुढच्या वर्षी, 3 मे 2021 रोजी, उपाहारगृहांसाठी 2,860 कोटी डॉलरचा निधी खुला झाला. 2,78,000 हून जास्त अर्ज आले, मागणी 7,200 कोटींच्या वर गेली. मदत मिळाली साधारण 1,01,000 जणांना. उरलेल्यांत निकषांत बसणारे हजारो होते. त्यांचे अर्ज तसेच पडून राहिले आणि जुलै उजाडेपर्यंत खिडकी बंद झाली.