गेलेदे: आयांसाठी कोरलेला मुखवटा

ओंडका अजून ओला आहे, म्हणून वाकसाच्या घावागणिक एवढ्या मोठ्या ढलप्या उडताहेत. लाकूड मुद्दाम हलकं निवडलंय. हे ओझं डोक्यावर घेऊन कुणीतरी नाचणार आहे.

आपण बेनिनमध्ये आहोत, नायजेरियाच्या सीमेजवळच्या केतू गावात. ही सीमा आखली फ्रेंच आणि ब्रिटिशांनी. तिच्या दोन्ही बाजूंना योरुबा बोलणारी माणसं राहतात, आणि गेलेदे, म्हणजे असे मुखवटे डोक्यावर घेऊन केलेला नाच, तोही दोन्हीकडे नाचला जातो.

पाहा, डोळ्यांना अजून हात लावलेला नाही. आधी डोक्याचा गोल, मग गाल, नाक, ओठ, सगळं ढोबळ. आता वाकस बाजूला गेला, हातात सुरी आली. लाकूड गुळगुळीत झाल्यावर सगळ्यात शेवटी बारीक रेघा येतात: पापण्या, केसांच्या वेण्या, गालांवरच्या खुणा. खालचा चेहरा शांतच हवा, मग त्याच्या माथ्यावर काहीही घडत असो.

आणि माथ्यावर काय काय घडतं! इथे सापाशी झुंजणारा पक्षी आहे. शेजारच्या मुखवट्यावर शिलाई मशीन. त्यापलीकडे मोटरसायकल. विमानंसुद्धा कोरली गेली आहेत. गावाने नवं काही पाहिलं की ते या डोक्यांवर चढतं. परंपरा म्हणजे थिजलेली गोष्ट, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे रंग जवळून पाहावेत. नाचाआधी जुन्या मुखवट्यांनाही नवा हात दिला जातो.

हे सगळं कुणासाठी? 'आमच्या आयांसाठी', असं इथले लोक म्हणतात. इया न्ला, म्हणजे थोरली आई, आणि तिच्यासोबत गावातल्या वयस्क बायका. त्यांच्या अंगी मोठी शक्ती आहे, ती गाव तारू शकते आणि बुडवूही शकते, अशी इथली श्रद्धा. म्हणून सुगीनंतर, कधी दुष्काळात, कधी रोगराईत, त्यांना नाचून प्रसन्न करायचं. नाचणारे मात्र पुरुष.

या खोलीत आता एकाला सजवताहेत. एकावर एक गुंडाळलेली ही लुगड्यांसारखी वस्त्रं गावातल्या बायकांनी दिलेली आहेत. कुणाचं डोईचं फडकं, कुणाचं नेसूचं. लाकडी छाती बांधली, कमरेला भर दिला. मुखवटा तोंडावर येत नाही, टोपीसारखा डोक्यावर बसतो. खाली पातळ कापड सोडलंय, त्यातूनच तो बघणार.

संग्रहालयांत काचेमागे ठेवलेला मुखवटा आपण पाहतो, तेव्हा ही वस्त्रं सहसा तिथे नसतात. पावलं नसतात, ढोल नसतो. अर्धं गेलेदेसुद्धा नव्हे ते. योरुबात म्हणच आहे की ज्या डोळ्यांनी गेलेदे पाहिलं, त्यांनी पाहण्यासारखं सगळं पाहिलं.

युनेस्कोने २००१ मध्ये गेलेदेचा गौरव केला, २००८ मध्ये ते वारशाच्या यादीत गेलं. पर्यटकांपुरता खेळ होण्याची आणि जुनी कारागिरी हातून निसटण्याची भीती मात्र कायम आहे.

जोडी मैदानात येते आहे. पायांतले लोखंडी वाळे बघा. मोठा ढोल जे बोल वाजवेल, तेच पावलांतून उमटायला हवेत, आणि ढोल थांबला की पाऊलही तिथेच. कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचं लक्षही तिथेच आहे.