एका वर्षाचा कायदा

२६ जानेवारी १९५०ला राज्यघटना लागू झाली. बरोबर महिन्याभराने, २६ फेब्रुवारीला, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. गुन्हा घडलेला नसताना, खटला न चालवता माणसाला तुरुंगात ठेवायची मुभा देणारा. हे विधेयक आणण्याआधी आपल्याला झोप लागली नव्हती, असं गृहमंत्री वल्लभभाई पटेल संसदेत म्हणाले. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. कायद्याची मुदत होती फक्त एक वर्ष.

स्थानबद्धाच्या हाती एक कागद पडे. अटकेची कारणं. सरकारला जे गुप्त ठेवायचं ते त्यातूनही वगळलेलं. अटक योग्य की नाही हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे बाजू मांडायला वकील मागायचा हक्क नाही. मूळ कायद्याच्या १४व्या कलमानुसार तर ही कारणं न्यायालयातसुद्धा उघड करता येत नसत. आपण आत का आहोत, हे न्यायाधीशालाही सांगायचं नाही!

कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन मद्रास प्रांतातल्या तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. रद्द झालं ते तेवढं १४वं कलम.

दोन वर्षांनी तेच गोपालन निवडून येऊन पहिल्या लोकसभेत बसले. समोर गृहमंत्री कैलासनाथ काटजू याच कायद्याला पुन्हा मुदतवाढ मागत होते. श्यामाप्रसाद मुखर्जी, हिंदू महासभेचे एन. सी. चॅटर्जी, कम्युनिस्ट, एरवी ज्यांचं एका गोष्टीवर जमत नसे, ते सगळे इथे एका बाजूला उभे राहिले. युद्ध नाही, निवडणुका पार पडल्या, मग हा कायदा आता कशासाठी? प्रश्न रास्त होता. पण बहुमत सरकारकडे होतं.

पुढे १९५४, १९५७, १९६०, १९६३, १९६६. दर खेपेला तीन वर्षांची वाढ. सगळ्यात जास्त खुपते ती ही सवय. पटेलांची झोप उडवणारी गोष्ट हळूहळू कामकाजातली एक नोंद होऊन गेली.

१९६९मध्ये काँग्रेस फुटली. इंदिरा गांधींच्या सरकारला डाव्यांचा टेकू लागला, आणि मुदतवाढ मागायची सोय उरली नाही. ३१ डिसेंबरला कायदा संपला. गोपालन तेव्हाही लोकसभेत होते.

सोळा महिन्यांनी, मे १९७१मध्ये, वटहुकूम निघाला. त्यातून आलेल्या अंतर्गत सुरक्षा कायद्याचं छोटं नाव, आणीबाणीतल्या अटकांमुळे, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना पाठ आहे. मिसा.